रविवारचा हवामानाचा फोन

लंडनमधल्या हॅरो भागातल्या मराठी मंडळींचा एक जुना रिवाज होता. दर रविवारी दुपारी उल्हासकाका एकट्या राहणाऱ्या सहा ज्येष्ठांना फोन करून पुढच्या आठवड्याचं हवामान सांगायचे. सप्टेंबरअखेर काका लेकीकडे मँचेस्टरला राहायला गेले आणि ती यादी पुष्करच्या गळ्यात पडली.

पुष्कर आयटीतला माणूस. हवामान तोंडी सांगायचं, हेच मुळी त्याला पटेना. त्यात एकेक फोन अर्धा अर्धा तास चालायचा. पहिला रविवार त्याने कसाबसा निभावला आणि दुसऱ्या रविवारी सरळ व्हॉट्सअॅप ग्रुप उघडला. अंदाज मराठीत लिहून पाठवला की काम फत्ते! उत्तरादाखल सगळ्यांचे जोडलेले हात यायचे, सर्वांत आधी यादीतल्या वैजयंतीमावशींचे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचा अंदाज त्याने असाच पाठवला. सोमवारी वारा, मग दोन दिवस पाऊस, गुरुवारपासून आभाळ मोकळं, पण रात्री पारा तीन अंशांवर. पाच मिनिटांत मावशींचे हात आले.

शनिवारी सकाळी उल्हासकाकांचा फोन आला. "वैजयंतीताई कशा आहेत रे? बोललास ना या आठवड्यात?"

"हो काका, बोललो की. एकदम फाइन आहेत."

फोन ठेवला आणि पुष्करला चैन पडेना. वडिलांच्या वयाच्या माणसाशी आपण धडधडीत खोटं बोललो, तेही अर्ध्या तासाच्या कंटाळ्यापायी! जेवणही गोड लागलं नाही. शेवटी निदान ते खोटं खरं करून टाकावं म्हणून तो मावशींकडे निघाला. घर जेमतेम दहा मिनिटांवर होतं, पण महिनाभरात तो तिकडे फिरकला नव्हता.

मावशींनी दार उघडलं ते कोट, कानटोपी आणि वर शाल अशा थाटात. बाहेर निघालात का, असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, छे, घरातच आहे. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. घर गरम ठेवणारा बॉयलर बारा दिवस बंद होता आणि दर वाक्याला त्यांना खोकल्याची उबळ येत होती.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने तापमान लिहिलेलं होतं. नऊ वर्षं काका सांगायचे आणि त्या उतरवून घ्यायच्या. आता पुष्करच्या मेसेजवरून उतरवत होत्या. थंडी किती पडणार हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्याच थंडीत बसून त्यांनी त्याला हात जोडले होते.

"मावशी, मला एक कॉल का नाही केलात?"

"तुम्ही सगळे बिझी. बॉयलरसाठी कुठे त्रास द्यायचा?" त्या म्हणाल्या. "उल्हासरावांशी आधी पाऊस, मग वारा, मग माझे गुडघे, असं बोलता बोलता निघायचं सगळं. मेसेजला काय सांगणार? हवामान मात्र छान कळायचं हो तुझं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उलट त्याच्यासाठी चहा टाकला.

पुष्करने त्यांना घरी आणलं, डॉक्टरांना दाखवलं. आणखी दोन दिवस गेले असते तर न्यूमोनियाच झाला असता, असं ऐकल्यावर त्याला मान वर करवेना. त्याने काकांना फोन लावून सकाळचं खोटं कबूल केलं.

काकांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "अरे, हवामान बघायला टीव्ही होता त्यांच्याकडे. पण मदत हवी का विचारलं की आपली माणसं नको म्हणतात. पावसाबद्दल विचारलं की बोलायला लागतात. आता मला सॉरी म्हणत बसू नकोस. बाकीच्या पाच जणांना फोन कर."

दुसऱ्या दिवशी त्या पाच फोनांना अडीच तास लागले. एकांच्या जिन्यातला दिवा गेला होता, एक जण पडता पडता वाचले होते, आणि एका आजींना नुसतंच बोलायचं होतं. या सगळ्यांनी दर मेसेजला त्याला न चुकता हात जोडले होते!

मंडळी, आपल्याही फोनमध्ये असे जोडलेले हात रोज येत असतील. ते बघून समाधान मानू नका. बाहेरचं हवामान कुणालाही घरबसल्या कळतं, माणसाच्या घरातलं मात्र विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

पुढच्या आठवड्यात बॉयलर दुरुस्त झाला आणि मावशी आपल्या घरी गेल्या. रविवारी पुष्करने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"थांब हं," मावशी म्हणाल्या, "पेन्सिल घेते."