विकतच्या पाण्याची ट्रॉली

मी एक जुनी ट्रॉली आहे. विमानात आसनांच्या मधल्या अरुंद वाटेतून चहापाणी घेऊन जाते ना, ती. अंगाने सडपातळ, पत्र्याची, चार चाकांची, आणि पायाने दाबायचा एक ब्रेक. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे नीट पाहिलं नसेल. लोकांची नजर असते माझ्या वरच्या कप्प्यावर. हल्ली तर तिथे चिकटवलेल्या दरांच्या कार्डावर.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझे पत्रे जोडणारा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस होता. सगळं काम झाल्यावरही तो माझ्या कडा घासत बसायचा. मुकादम ओरडला, की म्हणायचा, "कडेला बसलेल्यांची कोपरं बाहेर असतात. खरचटायला नको." त्याने स्वतः कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, पण अनोळखी कोपरांची त्याला काळजी होती.

पहिली नोकरी एका जुन्या, ऐसपैस कंपनीत लागली. तिकीट महाग होतं, पण एकदा आत आलं की पाणी, चहा, बिस्किटं सगळं मिळायचं. मी वाटेत आले, की झोपलेली माणसं सावरून बसायची. लहान मुलं दुसरं बिस्किट मागायची आणि त्यांना ते मिळायचंही. त्या वेळी मला वाटायचं, आपलं काम देण्याचं आहे.

मग ती कंपनी बुडाली. विमानं विकली गेली, आणि घर विकताना खुंट्याही जाव्यात तशा आम्ही ट्रॉल्याही गेलो. नव्या कंपनीचं तिकीट अगदी स्वस्त होतं. ज्यांनी आजवर मान वर करून विमान पाहिलं होतं, ते आता खिडकीतून खाली वाकून आपली गावं शोधू लागले. हे चांगलंच झालं, मी नाकारत नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. बॅग वर ठेवायची तर वेगळे पैसे. नवराबायकोला शेजारी बसायचं तर वेगळे पैसे. आणि माझ्या अंगावर चकचकीत कार्ड लागलं. त्यात चहा होता, रस होता आणि पाणीसुद्धा होतं.

तेव्हापासून संशय माझ्याबरोबर फिरू लागला. प्रवासी माझ्याकडे असे बघत, जणू मी खिसे कापायला आले आहे. कंपनीचा संशय ट्रॉली ढकलणाऱ्यांवर. उतरल्यावर माझे कप्पे उघडून एकेक बाटली मोजली जाई. आणि ढकलणाऱ्यांचा संशय एकमेकांवर.

सगळ्यात जास्त संशय मोठ्या बाईंवर होता. त्या विमानातल्या सगळ्या सेविकांच्या प्रमुख. कमी बोलणं, ताठ मान, आणि कुणी हसलं की भुवई वर. प्रत्येक फेरीनंतर त्या, बाटल्या मोजून घेणाऱ्या स्टोअरच्या साहेबांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगत. साहेबांचं तोंड वाकडं होई. काय बोलणं होतं ते कुणालाच ऐकू येत नसे.

"चुगल्या, दुसरं काय!" चिमणी म्हणायची. चिमणी म्हणजे मला ढकलणारी सेविका. बडबड फार म्हणून हे नाव पडलेलं. "हिच्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी आहे. शिंकेचाही अहवाल जाईल."

मलाही ते खरं वाटायचं. मोठ्या बाई जवळून गेल्या, की माझे पत्रे आकसत.

एका दुपारची गोष्ट. ऊन भाजून काढत होतं. सगळे प्रवासी आत बसले होते, दारं लागली होती आणि निघायची परवानगी काही येत नव्हती. थंड हवा नावालाच होती. मी माझ्या जागी, अगदी मागे उभी होते. शेवटच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. त्या चिमणीला म्हणाल्या, "बाळा, आमचे हे पुढे बसलेत. काळ्या कोटात. जरा लक्ष ठेवशील?"

"शेजारी का नाही बसलात आजी?"

"शेजारी बसायचे जास्त पडतात म्हणे. हे म्हणाले, जन्मभर शेजारीच बसलोय, एक दुपार लांब बसलो तर काय बिघडतं!" आजी हसल्या, आणि मग त्यांचा आवाज उतरला. "बॅगेचेही मागितले. मग ह्यांनी बॅग तिथेच उघडली आणि होते नव्हते ते कपडे अंगावर चढवले. तीन सदरे, दोन स्वेटर, वर कोट. रिकामी बॅग घडी करून बगलेत घेतली. लेकीला बाळ झालंय, ते बघायला निघालोय आम्ही. लोकांना वाटत असेल, उत्तर ध्रुवावर निघालेत."

आजोबा आयुष्यभर कुलपं दुरुस्त करत आले होते. आजींच्या शब्दांत सांगायचं तर, ज्याने जन्मभर कुलपं उघडली, त्याचा कुठल्याच दारावर भरवसा नसतो. बाजारात कुणी फुकट चव बघायला दिली, तरी हे हात मागे घ्यायचे.

विमान उडालं, चिमणीने मला पार पुढे नेलं आणि तिथून आम्ही एकेक रांग करत मागे निघालो. आजोबांच्या रांगेशी आले तेव्हा मी चपापले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. घाम कपाळावरून भुवयांत आणि भुवयांतून डोळ्यांत उतरत होता.

"आजोबा, पाणी घ्याल?"

आजोबांनी आधी माझं कार्ड वाचलं. "नको."

"अहो, केवढा घाम आलाय तुम्हाला!"

"घाम माझा आहे. त्याचे वेगळे लागतात का?"

आजूबाजूचे हसले. चिमणीही हसली आणि आम्ही पुढे सरकलो. पण दोन रांगा गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. आजोबांची मान एका बाजूला कलली होती. तिने माझा ब्रेक दाबला, एक बाटली उचलली आणि मागे धावली.

"आजोबा, हे प्या. पैसे नकोत."

आजोबांनी डोळे किलकिले केले. "आत्ता नकोत म्हणता. उतरताना मागाल. दार तुमच्याच ताब्यात आहे."

"नाही मागणार. शपथ."

"शपथेला काय लागतं..." पुढचे शब्द त्यांच्या तोंडातच राहिले. हात मांडीवरून घसरला.

चिमणीने बाटलीचं झाकण फिरवलं. कट्! एरवी तो आवाज कुणाच्या लक्षातही येत नाही. पण उघडलेली बाटली पुन्हा विकता येत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. तिने मान वर केली. पुढच्या पडद्याशी मोठ्या बाई उभ्या होत्या. हाताची घडी घालून सगळं बघत होत्या.

चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तिने बाटली आजोबांच्या ओठांना लावली. आणि मित्रांनो, काय सांगू! शुद्ध हरपत आलेल्या त्या माणसाने ओठ घट्ट मिटून घेतले. माझ्या वाटेत मी अनेक हट्टी माणसं पाहिली, पण तहानेपेक्षा संशय मोठा झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला भीती वाटली. आजोबांची पाण्याबद्दलची ही भीती कार्डावर छापलेल्या अक्षरांतून त्यांच्या आत गेली होती, आणि ते कार्ड माझ्याच अंगावर होतं.

तेवढ्यात कुणीतरी मागे जाऊन आजींना सांगितलं. आजी लोकांच्या खुर्च्या धरत धरत आल्या. वाटेत मी आडवी होते. माझ्या कडेने त्या अशा रेटून पलीकडे गेल्या, की माझी बाटल्यांची रांग खणखणली. त्यांनी आजोबांचा चेहरा पाहिला, चिमणीच्या हातातली बाटली पाहिली, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून ठणकावून म्हणाल्या,

"अहो! पैसे देऊन झालेत. आता नाही प्यालात तर ते पाण्यात जातील!"

आजोबांचे ओठ उघडले. घटाघट अर्धी बाटली आत गेली.

मग एकेक थर उतरला. कोट, स्वेटर, पुन्हा स्वेटर, सदरे. शेवटी त्या ढिगाच्या मानाने आजोबा अगदी लहानखुरे निघाले. चिमणीने माझ्यातलाच एक रसाचा डबा फोडून त्यांना पाजला. शेजारचा प्रवासी न सांगता उठला आणि आजींच्या जागेवर मागे जाऊन बसला. आजोबांच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग परतला.

मोठ्या बाई जवळ आल्या. आजोबांची नाडी पाहिली. मग चिमणीकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "मागच्यांना चहा द्यायचा राहिलाय."

"झालं," चिमणी मला ढकलत पुटपुटली, "माझी नोकरी गेली."

विमान उतरल्यावर दोघं सगळ्यात शेवटी, मागच्या दाराने, माझ्या अगदी समोरून निघाली. आजोबा थांबले. "पावती द्या. पाण्याची आणि रसाची."

आजीच म्हणाल्या, "कसली पावती? पैसे दिलेच नव्हते."

"म्हणजे तू खोटं बोललीस?"

"तुम्हाला खरं पचत नव्हतं, मग काय करू?"

आजोबा चिमणीकडे वळले. बिघडलेल्या कुलपात डोकावावं तसं त्यांनी तिच्या चेहऱ्यात डोकावून पाहिलं. "मग कुणी दिले?"

"कुणीच नाही आजोबा."

"असं होत नाही पोरी. कुणालातरी द्यावेच लागतात." त्यांचा हात खिशाकडे गेला, पण चिमणीने तो धरला आणि बाळ बघायला उशीर होईल म्हणून त्यांना जिन्याकडे वळवलं. उतरतानाही ते पुन्हा पुन्हा मागे पाहत होते.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. स्टोअरमध्ये माझे कप्पे उघडले गेले. साहेब खुर्चीतून न उठताच म्हणाले, "एक पाणी आणि एक रस कमी आहे. कुठे गेलं?"

"एक आजोबा बेशुद्ध पडत होते, साहेब," चिमणी म्हणाली.

"माल कमी निघाला की नेमका कुणीतरी बेशुद्ध पडलेला असतो. कुणाला विचारून उघडलंस?"

दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. आता अहवाल येणार, असं चिमणीच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मीही वाट पाहत होते.

"मला विचारून," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझा हुकूम होता."

चिमणीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "वाटलंच! रोज माझ्या कानाशी एकच तुणतुणं. पाणी तरी फुकट ठेवा, पाणी तरी फुकट ठेवा. शंभरदा नाही म्हटलं, तर आता स्वतःच वाटायला लागलात?"

"तुम्ही नाही म्हणालात, म्हणूनच," मोठ्या बाई म्हणाल्या. "काय करायचं ते माझं करा. हिला जाऊ द्या."

तर त्या कुजबुजीत एवढंच होतं.

मोठ्या बाईंचं प्रमुखपद गेलं. त्यांच्या छातीवरचा बिल्ला उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मला ढकलू लागल्या. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला चिमणी. एकदा विमान ढगांवर स्थिर झाल्यावर तिने धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? आम्ही तुम्हाला काय काय म्हणत होतो."

"ऐकू यायचं मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तरी तुम्हाला खरं वाटलं असतं का?"

चिमणीने माझ्यावरचा चहाचा कप भरला आणि बाईंच्या पुढे धरला. तिच्या स्वतःच्या पैशांचा होता तो. मोठ्या बाईंची भुवई वर गेली, आणि मग त्या चक्क हसल्या.

कंपनीने पाणी फुकट केलं नाही. माझी चाकं झिजली, ब्रेक सैल झाला, आणि मला काढून विमानाच्या खुर्च्यांची कव्हरं शिवतात त्या कारखान्यात धाडलं. आता माझ्या कप्प्यांत दोरे, सुया आणि कात्र्या असतात. कुणी मला पुसत नाही. वर खरकटे कप तसेच राहतात आणि पत्र्याला गंज चढत चाललाय. एवढं दुःख आहे, पण ते सोसवतं.

मित्रांनो, वस्तू विकायच्याच असतात आणि हिशोब ठेवायचाच असतो. माझं त्याबद्दल भांडण नाही. पण हिशोब इतका बारीक करू नका, की तहानलेल्या माणसाला पाण्याकडे बघूनही भीती वाटावी. आणि कुणी शांतपणे दूर उभं राहून तुमच्याकडे बघत असेल, तर त्याला लगेच वैरी ठरवू नका. आम्हा पत्र्याच्या वस्तूंना गंज बाहेरून चढतो, म्हणून तो दिसतो आणि घासून काढता येतो. तुमचा आतून चढतो. तो वेळीच पुसत जा.