नखाएवढी लांबी

मित्रांनो, मी एक जुने काडतूस आहे, पण माझ्या पोटात दारू कधी नव्हती आणि बुडाशी ठिणगीची टिकलीही नाही. माझे मालक बोहुश यांनी मला शेवटचे हातात घेतले, तो ऑक्टोबरातला एक साधासुधा शनिवार होता. खिडकीत सफरचंदाच्या चकत्या वाळत होत्या. त्यांची मुलगी लिडा ब्रनो शहरातून आली होती आणि चरबी लावलेल्या पावावर कांदा चिरत होती. बोहुशनी मला दाबयंत्रात उभे केले, वरचा साचा फिरवत फिरवत माझ्या टोकाला टेकवला आणि त्याची चकती आवळली. आता नव्या हंगामाची सगळी काडतुसे माझ्याच उंचीची होणार होती.

“बाबा…” लिडा म्हणाली.

“काय गं?”

“काही नाही. चहा ठेवू?”

“सहा वर्षं झाली, या टेबलापाशी आलीस की तुला चहाच सुचतो,” बोहुश हसले. “ठेव. साखर सढळ हाताने घाल. डॉक्टर काही इथे डोकावत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातली पाने गोळा करताना बोहुश खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

लिडाला काय सांगायचे होते, ते मला ठाऊक होते. लिडा सोडली, तर आता जिवंत माणसांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते. पण त्यासाठी मला माझ्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

बोहुश आपली काडतुसे घरीच भरत. गोळी पितळी कवचात किती खोल बसवायची, हा त्यात मोठा प्रश्न असतो. ती थोडी बाहेर ठेवली, की काडतूस लांब होते, गोळीचे टोक नळीतल्या पिळांच्या जवळ जाते आणि नेम कधी कधी अधिक चांगला लागतो. मात्र लांब काडतूस बंदुकीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या खोबणीत, अडते. म्हणून बोहुशनी एक रिकामे कवच घेतले, त्यात नुसती गोळी बसवली आणि तिच्या टोकाला मेणबत्तीची काजळी धरली. मला मॅगझिनमध्ये घालायचे, बोल्टने, म्हणजे बंदुकीच्या सरकत्या दांड्याने, पुढे ढकलायचे, बाहेर काढून काजळीवर ओरखडा उठला का ते भिंगातून बघायचे. उठला, की गोळी केसभर आत. असे त्यांनी दोन रविवार केले. ज्या दिवशी एकही ओरखडा उठला नाही, त्या दिवशी त्यांनी कानशीने माझ्या बुडावर एक रेघ मारली आणि मला खिडकीत ठेवले. मी तयार झाले होते.

पुढची कित्येक वर्षे माझ्या मापाची शेकडो काडतुसे तयार झाली. ती सगळी रानात गेली. दव, कुत्र्यांचे भुंकणे, शिंगाचा आवाज, हे सारे त्यांनी ऐकले असेल. मी खिडकीतच राहिले. माझ्यासारखी इतकी, आणि माझ्यासोबत कोणीही नाही. तरी मला मान होता. शिकारी मंडळाचे प्रमुख हायनेक आले, की मला चिमटीत धरून म्हणत, “हे बघा बोहुशचं मुकं मास्तर! याच्या वर्गात कोणी नापास होत नाही.”

लिडाने पुढे शिकारीचा परवाना काढला आणि ती बापाशेजारी बसून काडतुसे भरायला शिकली. हुशार मुलगी. पुस्तके, मासिके, सगळे वाचायची. एका हिवाळ्यात तिने साच्याची चकती सैल केली आणि गोळ्या नखाच्या जाडीएवढ्या बाहेर ठेवल्या. नेमबाजीच्या मैदानावर नेऊन पाहिले, तर पाचही छिद्रे एका नाण्याखाली झाकतील अशी पडली. तिला आनंदाने राहवेना. त्याच मापाची वीस काडतुसे भरून तिने वडिलांच्या डब्यात ठेवली. मोठ्या शिकारीनंतर सांगून त्यांना चकित करायचे होते. पण मैदानावर ती एकेक काडतूस हाताने थेट नळीत ठेवत होती. मॅगझिनची आठवण तिला झाली नाही. मी दोन वितींच्या अंतरावर होते. मला एकदा शेजारी उभे करून बघायचे, एवढेच राहून गेले.

त्या शिकारीत बोहुशच्या पहिल्या बाराने रानडुक्कर नुसते जखमी झाले. धक्क्याने खालची काडतुसे पुढे आदळली, दुसऱ्याचे टोक मॅगझिनच्या भिंतीला रुतले आणि बोल्ट अर्ध्यावर अडला. जखमी डुकराने हायनेकच्या कुत्रीची मांडी फाडली. कुत्री वाचली, पण कायमची लंगडी झाली.

हंगामाच्या शेवटच्या शिकारीनंतर या भागात शिकाऱ्यांचे गमतीचे कोर्ट भरते. हायनेक डोक्यावर पातेले घालून न्यायाधीश झाले. तिथे काय झाले, ते बोहुशनी घरी येऊन बायकोच्या तसबिरीला सांगितले, म्हणून मी ऐकले.

“बोहुशचं काडतूस म्हणजे नवरदेवाची वरात,” कोणीतरी ओरडले, “दारातच अडली!”

“मोजायला पट्टी नव्हती, का चष्मा गुडघ्याला लावला होतास?” हायनेकनी विचारले. हसत होते, पण मांडीवर कुत्रीचे डोके होते.

दाराशी उभ्या लिडाने तोंड उघडले. पण ती काही बोलण्याआधीच बोहुश उठले. “दोषी. मीच भरली ती. म्हातारा झालो, हायनेक.”

लाकडी पळीचे तीन फटके बसले आणि सगळे हसले. खरी शिक्षा नंतरची. पुढच्या शिकारीपासून बोहुशना तळ्याकडची शेवटची जागा मिळू लागली. तिथे डुक्कर सहसा फिरकत नाही. कोणी सल्ला विचारायला येईना. सहा हिवाळे ते तिथे एकटे उभे राहिले.

मित्रांनो, बोहुशना सारे माहीत होते. शिकारीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी उरलेली काडतुसे एकेक करून माझ्याशेजारी उभी केली. मग साच्याची सरकलेली चकती पाहिली. शेवटी एवढेच म्हणाले, “पोरीचा नेम मात्र छान आहे हं.” आणि चकती माझ्या मापावर परत आणली. हे लिडाला कोणी सांगितले नाही. मला सांगता येत नाही.

ते गेल्यावर बंदूक नियमाप्रमाणे पोलिसांकडे जमा झाली, दारू आणि टिकल्या मंडळाने नेल्या. माझ्या पोटात काहीच नव्हते, म्हणून मी कोणालाच नको होते. खिडकीतल्या सफरचंदाच्या चकत्या वाळून काळ्या पडल्या. माझ्या रेघेत धूळ बसली. मित्रांनो, घरातली मोजमापाची साधने जपा, ती पुसून ठेवा. अंदाज चुकला, तर ती खरे सांगतात. पण माणसांचे तसे नाही. माणसाला खरे सांगायला माणूसच लागतो, आणि ज्याला सांगायचे तो समोर असावा लागतो.

डिसेंबरात लिडाने मला खिशात टाकले आणि ती मंडळाच्या झोपडीत गेली. गुलाशच्या, म्हणजे मांसाच्या रश्श्याच्या, पातेल्याचा वास येत होता. सगळ्यांनी उभे राहून बोहुशच्या नावाने पेला उचलला. हायनेकनी आज पातेले घातले नव्हते.

“कोर्टाचं एक काम बाकी आहे,” ते म्हणाले. “सहा वर्षांपूर्वीच्या त्या खटल्यात कोर्ट बोहुशला आज माफ करतंय. चुका माणसाच्याच हातून होतात. लिडा, तुला चालेल ना, पोरी?”

खिशात तिची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली, की माझे टोक तिच्या तळव्यात रुतले.

“नाही चालणार, हायनेककाका,” ती म्हणाली. “त्यांना माफ करू नका. ती काडतुसं मी भरली होती. मी लांब ठेवली आणि मॅगझिनमध्ये घालून बघितली नाहीत. बाबा सहा वर्षं तळ्यापाशी माझ्या जागेवर उभे होते, आणि मी दर वेळी त्यांना चहा करून दिला.”