खामगावात करमते का?

कारभारी हे त्याचं नाव होतं. कारभार म्हणाल तर कसलाच नव्हता. वरवट बकाल या खेड्यात भगवानरावांची जमीन बटईने, अर्ध्या वाट्याने, करण्यात त्याचा जन्म गेला, आणि बायको वारल्यावर मुलाने, पंजाबरावाने, त्याला गाडीत घालून खामगावला आणलं. पंजाबराव तिथल्या कापसातली सरकी काढायच्या एका जिनात इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. जिनाच्या मागच्या गल्लीत त्याची एक खोली होती. खोलीपुढे ओटा, ओट्यापुढे गटार आणि गटारापुढे सारं खामगाव.

पहिल्याच सकाळी कारभारी पागोटं बांधून गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम घालू लागला. माणूस दिसलं की राम राम, ही त्याच्या हाडीमासी खिळलेली सवय. वरवटला सकाळभरात येऊनजाऊन दहा-वीस माणसं. इथे ऐन हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हमाल, अडते, मोटारीतले मारवाडी, कोर्टात निघालेले वकील. कारभारी राम राम घालून घालून थकला. कोणी परत राम राम केला, कोणी नुसतीच मान हलवली, आणि एका अडत्याने तर खिसा चाचपून ‘पुढं जा बावा, सुटे नाहीत’ असं सांगितलं. म्हातारा तणतणत घरी आला.

‘भिकारी समजला मले तो!’ तो सुनेला, रुख्मिणीला म्हणाला. ‘काऊन, म्या हात पसरला होता काय?’

रुख्मिणीने पदराचा बोळा तोंडात धरला. बिचारीला हसूही येत होतं आणि सासऱ्याची दयाही येत होती.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मध्ये पाडवा आडवा होता. आपल्या वऱ्हाडात सालदार धरायचा, बटई ठरवायची, ती गुढीपाडव्याला. तो दिवस टळला की वर्ष हातचं गेलं. भगवानरावांनी निरोप धाडला होता, पाडव्याच्या आत स्वतः येऊन सांग, जमीन करतोस की नाही. नाही तर दुसरा माणूस तयार आहे. आणि पंजाबरावाने बापाला स्पष्ट सांगितलं होतं, ‘बाबा, तुमाले इथं नाई करमलं तं मी जिन सोडतो. आपण सारेच वापस जाऊ. तुमाले एकट्याले मी नाई ठेवत तिथं.’

असा मुलगा मिळाला म्हणून बापाने खरं तर पेढे वाटायचे. पण कारभारीला अन्न गोड लागेना. पंजाबराव जेवताना इंजिनाच्या गोष्टी सांगे, पट्टा कसा उतरला, वाफ कशी कोंडली, आणि सांगता सांगता भाकरी हातात तशीच राही. नांगरामागे चालताना त्याचं असं तोंड कारभारीने कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या एका ‘नाई करमत’वर हे सगळं बंद पडणार होतं.

आणि करमत तर नव्हतंच. त्याचं कारण तो कोणाला सांगत नव्हता, मी सांगतो. त्याला मरणाची भीती नव्हती, मातीची होती. वरवटला कोणी गेलं की प्रेत उठेपर्यंत चूल पेटत नाही. औतं शिवारात थांबतात. भांडलेला भाऊसुद्धा खांदा द्यायला येतो. इथे आपल्या मातीला कोण येणार? अनोळखी गर्दीतून चार अनोळखी माणसांच्या खांद्यावरून जायचं, या विचाराने तो रात्री उठून ओट्यावर येऊन बसे.

मग त्याने आपल्या परीने चौकशी सुरू केली. जो भेटेल त्याला विचारायचं, ‘काहो, खामगावात करमते का तुमाले?’

टांगेवाला गुलाम रसूल गल्लीच्या कोपऱ्यावर घोड्याला दाणा घालत होता. तो म्हणाला, ‘चाचा, शहर अच्छा हाये. दोन पोरी शाळेत जातेत माह्या. खेड्यात कोण शिकवत होतं? पण साली मोटार आली ना आता. सवारी म्हणते, तुहा घोडा हळू चालते. आता घोडा घोड्यासारखाच चालन ना!’

‘मंग चांगलं हाये का वाईट?’

‘ते घोड्याले इचारा,’ गुलाम रसूल म्हणाला आणि तोबऱ्याची गाठ बांधू लागला.

शेजारची आशाबाई जिनात सरकी निवडायला जात असे. संध्याकाळी ती परते तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर रुई बसलेली, जणू एका दिवसात म्हातारी झाली. तिने तर तोंडाचा पट्टाच सोडला. ‘मजुरी माह्या हातात पडते, हे खरं. गावात नवऱ्यानं मारलं तं सासू दार लावून घे. इथं चार बाया धावून येतात. पण बाप्पा, गावात नवऱ्याले पिऊन मारायले एवढी दारू तरी कुठी होती? अन् हा खोकला पाह्य. छातीत गादी भरली माह्या.’

‘मंग जाता का वापस?’

‘जाईन माही जुती!’ आशाबाई म्हणाली, आणि खोकत खोकत पाणी भरायला निघून गेली. जनुन्याच्या तळ्याचं पाणी नळाला येत होतं आणि ते जायच्या आत घागर लावायची होती.

सुनेला विचारलं तर ती चुलीकडे बघत ‘करमते’ म्हणाली. त्या एका शब्दावरून काय ओळखायचं? कारभारी जास्तच गोंधळला.

गल्लीच्या शेवटच्या खोलीत अन्नपूर्णाबाई राहायची. एकटी जीव. वाळलेली, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि मांडीवर वाती वळायचं काम सदान्‌कदा चालू. पूर्वी जिनात होती. आता हात चालतील तेवढ्या वाती वळून देवळांपुढे विकायची. तिच्या ओट्यावर कारभारी जाऊन बसला आणि नेहमीच्या वळणावर आला.

‘गाव कोणतं म्हणा तुमचं?’

‘हेच.’

‘ते झालं. माहेर?’

‘तेबी हेच समजा.’

‘लोक कोण तुमी?’ म्हणजे जात कोणती. वरवटला हा प्रश्न पाण्याच्या तांब्याआधी येतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

अन्नपूर्णाबाईने वात तुटेल इतकी ओढली. ‘सोयरीक कराची हाये का कारभारीभाऊ? या वयात मी नाई उभी राहत बोहल्यावर.’

कारभारी ओशाळला. मग ती आपणहूनच बोलली, वातीवरची नजर न काढता. ‘मी आली तेव्हा जिनाच्या दारात मुकादमानं मले एकच इचारलं. काम येते का? कोणाची, कुठची, काऊन आली, काई नाई. म्या भिंतीच्या आड जाऊन रडली. लई सुखानं रडली. तुमाले वाटते इथं कोणी इचारत नाई म्हणून गाव वाईट. मले त्याच्यासाठीच करमते.’

कारभारीला ते पटलं नाही. न विचारणं म्हणजे माया नसणं, असाच त्याचा हिशेब होता. घरी येऊन तो रुख्मिणीला म्हणाला, ‘बुढी काई तरी लपवून राह्यली.’ पण दुसऱ्या दिवशीही तो त्याच ओट्यावर जाऊन बसला, तिसऱ्याही. बोलायला दुसरं कोणी रिकामं नव्हतं, हेही खरं.

होळी झाली. पाडवा चार-पाच दिवसांवर आला तेव्हा त्याचा निश्चय झाला होता. येत्या सोमवारी गुलाम रसूलच्या टांग्याने निघायचं, पुढे गाडी पाहायची आणि भगवानरावांना जमीन करतो म्हणून सांगायचं. पंजाबरावाला अजून सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड होत नव्हतं.

पण सोमवारच्या आधीच एका सकाळी अन्नपूर्णाबाईचं दार उघडलं नाही. आशाबाईने ढकललं तर म्हातारी भिंतीला टेकून बसल्या जागी गेलेली. मांडीवर रुईचा पुंजका तसाच. बायका जमल्या. गल्लीत चुलींचा धूर निघत होता तो निघतच राहिला. आणि तेवढ्यात जिनाचा भोंगा झाला. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, खाली माना घातल्या आणि एकेक करून कामावर गेली. पंजाबरावही गेला. आशाबाई डोळे पुसत गेली. खाडा पडला तर मुकादम दुसरी बाई उभी करतो.

कारभारी संतापला. ‘माणसं हायेत का जनावरं? मुडदा घरात अन् हे निंगाले कामाले! हेच, हेच होईन माहं!’ तो प्रेताच्या दाराशी बसून राहिला. वाईट अन्नपूर्णाबाईचं वाटत होतं की स्वतःचं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

रुख्मिणीने कामं टाकून म्हातारीला अंघोळ घातली. मग कुंकवाची डबी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. कपाळावर गोंदण, त्यामुळे बाई सवाष्ण की विधवा हे इतकी वर्षं गल्लीत कोणालाच कळलं नव्हतं.

‘मामंजी, लावू का नको?’

गावात हा प्रश्न पडला नसता. कारभारीला कळेना काय सांगावं. शेवटी तो म्हणाला, ‘लाव. कोणाचं काय जाते?’ आणि बोलून गेल्यावर स्वतःच चपापला.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला, आणि गल्लीत धावणाऱ्या पायांचा आवाज आला. कारभारीने मान वर केली. जिनातली माणसं पळत येत होती, दहा, पंधरा, वीस, डोक्यापासून पायापर्यंत रुईने पांढरी. आशाबाईने आत प्रत्येक यंत्रापाशी जाऊन सांगितलं होतं. कोणी बांबू आणले होते, कोणी सुतळी. मागून गुलाम रसूल घोडा सोडून उसन्या बैलगाडीवर लाकडं घेऊन आला. भाकरीची फडकी कोणी सोडली नव्हती. जेवायची वेळ त्यांनी इकडे आणली होती. सकाळपासून यांना शिव्या घातल्या त्याची कारभारीला लाज वाटली.

तिरडी भराभर बांधली गेली. पण मडकं धरायची वेळ आली तेव्हा सगळे थबकले.

अग्नी देणाऱ्याला दहा दिवस सुतक. कामावर जायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. जिनातल्या कोणाला ते झेपणार? आणि त्याहून मोठी गोष्ट हळू आवाजात निघाली. ‘खांदा दिला ते ठीक. पण मडकं कोण्या जातीनं धराचं? उद्या आपली पंचायत इचारन, तं काय सांगाचं?’

ऊन तापत होतं, सुट्टी सरत होती.

कारभारी पुढे झाला आणि त्याने मडक्याची दोरी हातात घेतली.

पंजाबरावाने त्याचा दंड धरला. ‘बाबा, दहा दिवस! पाडवा निंघून जाईन. भगवानराव जमीन दुसऱ्याले देतील.’

‘मले पंचांग शिकवतू का बे?’

‘अन् आपल्या लोकायनं इचारलं तं?’

‘मले इचारतीन ना? तू तेल घाल जाऊन इंजनाले.’

पंजाबराव बापाकडे पाहतच राहिला. बाप वरवटची जमीन सोडून इथेच राहतोय, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा रुईने माखलेल्या गालावरून दोन ओघळ खाली आले, आणि ते लपवायला त्याने तिरडीचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला.

माणसं जवळजवळ धावतच निघाली. रस्त्यात कापसाच्या गाड्या बाजूला झाल्या. एका गाडीवानाने खाली उतरून हात जोडले. कोण गेलं ते त्याने विचारलं नाही. चिता पेटली आणि कामाचा भोंगा ऐकू आला, तशी माणसं कारभारीच्या पाया पडून, आली तशी पळाली. पंजाबराव सगळ्यात शेवटी गेला. चितेपाशी म्हातारा आणि गाडीवर बसलेला गुलाम रसूल, एवढेच उरले.

नंतर नाल्याच्या काठावर न्हाव्याने कारभारीच्या डोक्याला पाणी लावलं. न्हावी म्हणजे बोलायचाच.

‘कोण होती बुढी तुमची?’

कारभारीने डोकं आणखी खाली वाकवलं.

‘आई तं वाटत नाई. बहीण का? गाव कोणतं? लोक कोण तुमी?’

कारभारीने तोंड उघडलं. जन्मभर त्याने हेच प्रश्न जगाला विचारले होते, आणि विचारताना समोरच्याला कुठे लागतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. आपण त्या ओट्यावर बसून बाईला हेच विचारलं, आणि तिने हातातली वात ओढली, आणि हसण्यावारी नेलं.

‘तुले डोकं भादराचं हाये का पंचायत भरवाची हाये?’ तो ओरडायला गेला, पण आवाज मध्येच फाटला, आणि सख्खं माणूस गेल्यासारखा तो हुंदके देऊन रडू लागला.

न्हाव्याने मग काही विचारलं नाही. वस्तरा बाजूला धरून तो म्हाताऱ्याचं डोकं हलायचं थांबेपर्यंत वाट पाहत बसला.