जित्या माणसाचा फोटो

सकुबाईनं शेवटी फोटो काढू दिला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. सकुबाई फोटो काढू देणार नाही, म्हणजे नाही.

मुरबाडला माझं फ्लेक्स आणि फ्रेमचं दुकान आहे. मनस्वी सैन्याच्या मासिकासाठी लिहिते, फोटो काढते. बर्फातल्या चौकीवर तिनं टोकावड्याच्या भगीरथचा फोटो काढला होता. आता मासिकाला त्याची आई सकुबाई हवी होती, पोराचा फोटो हातात धरलेली. मनस्वीनं तो माझ्याकडून मोठा करून फ्रेममध्ये घालून घेतला. फ्रेमवर चंदनाचा हार फुकट, ही माझी स्कीम. सवयीनं चढवला.

आम्ही अंगणात शिरलो. सकुबाईनं फ्रेम पाहिली, हार पाहिला आणि असा हंबरडा फोडला की गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहिली.

"काकी, बरा आहे तो! जिवंत आहे!" मनस्वी ओरडत होती. शेवटी भगीरथला फोन लावला. तो जेवत होता. सकुबाईनं डोळे पुसले आणि आधी भाजी कसली ते विचारलं.

मग माझ्याकडे वळली. "उचल ती फ्रेम, मेल्या! फ्रेममधी मेलेला ऱ्हातो. जिता माणूस आमी भिंतीवर टांगत नाय."

"हार काढतो ना, काकी."

"तुझ्याच गळ्यात घाल."

मनस्वी हटली नाही. ओट्यावर बसली, चहा प्याली, तांदूळ निवडू लागली, पुन्हा विचारलं. नाय. सुपातले तांदूळ संपले तरी नाय. मग म्हणाली, "काकी, जित्या माणसाचा फोटो लावतात तरी कुठं?"

सकुबाईनं विचार केला. "नाक्यावर. वाढदिवसाला."

दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स चढला. बर्फात बंदूक घेतलेला भगीरथ, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली शुभेच्छुक सकुबाई, रेशनकार्डावरच्या फोटोला गॉगल लावून. गॉगल ही माझी दुसरी स्कीम. वाढदिवसाला अजून सहा महिने होते. फ्लेक्सखाली सकुबाई ताठ उभी राहिली आणि मनस्वीनं फोटो काढला.

"आता ह्यो उतरवायचा नाय," सकुबाई म्हणाली. "हितं वाढदिवस चालू, तवर पोर सुखरूप."

पंचायतीचा माणूस म्हणाला, वाढदिवस झाला की फ्लेक्स उतरवायचा, नियम आहे. म्हणून तिच्या वतीनं मी अर्ज दिला:

'मा. ग्रामसेवक यांस, भगीरथ सुट्टीवर घरी येईपर्यंत सदर फ्लेक्स काढू नये, व तोवर त्याचा वाढदिवस रोजच असल्याची नोंद शासनदप्तरी घ्यावी, ही नम्र विनंती.'