कारल्याचा गुण

जालन्याच्या मोंढ्यात मिरचीची आडत चालवणाऱ्या बजरंगलालजींचा धंदा मुख्यतः बसण्याचा होता. माल हमाल उचलत, भाव दलाल बोलत. शेठजी गादीवर मांडी घालून बसत आणि त्यांच्या त्या बसण्यावर लोकांचा विश्वास असे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत अर्धा मोंढा पळाला, तेव्हाही ते उठले नव्हते.

त्यांना उठवलं ते साखरेनं. लघवीत साखर निघाली आणि पाठोपाठ तळपायांची आग सुरू झाली. आग, मुंग्या, मधूनच सुया टोचल्यासारखं. बसले की उठावंसं वाटे, उठले की चालावंसं, चालले की पुन्हा बसावंसं. भाव ठरता ठरता शेठजी अंगणात निघून जात आणि गिऱ्हाईक रिकाम्या गादीशी घासाघीस करत राही. अशा वेळी धाकटे बंधू गिरधारीलाल गादीच्या कडेवर टेकत. आधी कडेवर, मग जरा आत. होळीपर्यंत ते लोडापर्यंत पोचले.

म्हणून इलाज जल्दी हवा होता. मोंढ्यात इलाजांची आवक मिरचीपेक्षा जास्त. कुणी मेथी सांगितली, कुणी कडुलिंब, कुणी मिरची उकळलेलं तेल. ते तेल लावल्यावर चालणारे शेठजी धावू लागले. शेवटी एका जडीबुटीवाल्यानं कारलं सांगितलं. खायचं नाही, तुडवायचं. परातीत ठेचलेली कारली घालून, पार तोंड कडू होईपर्यंत.

शेठाणी प्रेमबाई दारातून विचारायच्या, "झालं का तोंड कडू?"

"न्हाई."

"मंग तुडवा. भाजीला बी कारली ठेवली न्हाईत मी."

तोंड कडू झालं की नाही याबद्दल घरात मतभेद राहिले, पण आग खरोखरच उतरली. मुंग्या गेल्या, सुया गेल्या. एका सकाळी शेठजी तुडवणं आटोपून थेट दुकानात आले, गिरधारीलालांकडं नुसतं पाहिलं आणि मांडी घालून बसले. दुपारपर्यंत हलले नाहीत. येईल त्याला सांगत राहिले, "पायात काई म्हणजे काईच न्हाई आता!"

धावडा गावचा शेतकरी कडूबा मिरचीची गाडी घेऊन आला होता. बोलता बोलता त्याची नजर शेठजींच्या उताण्या तळव्यावर गेली.

"शेठ, पायात काटा हाय की! बाभळीचा. कारल्यातून आला काय? निम्मा आत गेलाय. दुखून न्हाई राह्यलं?"

"बिलकुल न्हाई," शेठजी अभिमानानं म्हणाले. "बघ, कारल्याचा गुण!"

कडूबानं काटा बोटानं हलवला. रक्ताचा थेंब गादीवर पडला. शेठजी हसतच होते. मग एकटेच हसत असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

"भाईसाब," गिरधारीलाल म्हणाले, "हे बरं होणं न्हाई. पाय मरून राह्यला. मामाजींचं असंच झाल्तं. आग थांबली म्हणून पेढे वाटले, अन् पावसाळ्यात पाय कापावा लागला. उठा, दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

गिरधारीलाल मनापासून बोलत होते. डोळ्यांत पाणीही होतं. फक्त बोलता बोलता, सवयीनं, त्यांनी गादीच्या कडेशी चपला काढल्या होत्या.

शेठजींनी त्या चपलांकडं पाहिलं. मग स्वतःचा पाय दोन्ही हातांनी उचलून धोतराखाली सारला आणि मांडी नीट घातली.

"बोल कडूबा, काय भाव लावायचा?"