स्ट्रॉबेरी वगळून

कोंबडी कोरडी होती. ओपल पर्डीने ते पहिल्याच घासाला ताडलं, आणि का ताडू नये? तेहतीस वर्षं तिने सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सहाशे पोरांचं जेवण रांधलं होतं; कोंबडी भट्टीतून कधी काढली आणि अन्न गरम राखणाऱ्या दिव्याखाली किती वेळ ताटकळत ठेवली, हे तिला नुसती कड बघून सांगता येत असे. पाव गार होता, रस्सा पिठूळ होता, आणि या सगळ्याचे माणशी अठ्ठ्याण्णव डॉलर घेणारे लोक वर हसून विचारत होते, की प्रवास सुखाचा चाललाय ना.

प्रवास कसला आणि काय. ऑर्लँडोजवळच्या एका मोठ्या करमणूक-पार्कात, सिमेंटच्या इमारतीच्या पोटात कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच्या, मागच्या मोठ्या चाकावर चालणाऱ्या आगबोटीचा भोजनकक्ष उभा केला होता. पायाखालची फरशी यंत्राने हलकेच घरघरत राही, खिडक्यांतून नदीचे काठ मागे मागे सरत, बाहेर भर दुपारचं ऊन रस्ते भाजून काढत असलं तरी आत कायम दिवेलागणीची वेळ, आणि वाढणारी पोरं-पोरी त्या काळच्या पोशाखात. त्यांचा नियम एकच, काही झालं तरी सोंग सोडायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या एकाने मुद्दाम खोडी काढायला विचारलं, "गाडी कुठे लावली तेच विसरलोय, कुणाला विचारू?" तर पोरगी शांतपणे म्हणाली, "घोडे खालच्या मजल्यावर आहेत साहेब, त्यांचं दाणापाणी झालंय."

हे दोघांचं जेवण ओपलच्या धाकट्या बहिणीला, नेड्राला, चर्चच्या सोडतीत लागलं होतं. नेड्राला बोट लागते, खोटीसुद्धा. म्हणून तिने ते ओपल आणि हॉलिसच्या लग्नाच्या एकेचाळिसाव्या वाढदिवसाला देऊन टाकलं. आता परत गेल्यावर नेड्राला न दुखावता हे कसं सांगावं, की असल्या जेवणावर पदरमोड करणारा माणूस वेडा समजावा, याची ओपल मनाशी जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात हॉलिस खिडकीकडे बघत म्हणाला, "नदीला पाणी चढलंय. वरच्या अंगाला पाऊस झाला असणार."

ओपलचा काटा हातातच राहिला. दोन वर्षांत हॉलिसच्या तोंडून सबंध वाक्य निघालं नव्हतं. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा हा माणूस आता चमच्याला 'ते' म्हणे, दाराला 'ते' म्हणे, आणि एखाद्या सकाळी तिलासुद्धा. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, त्यांचं खोडून काढू नका, हो म्हणा आणि पुढे चला. पण हो म्हणायला समोरच्याने आधी काही बोलावं तर लागतं.

"झालाच ना साहेब, परवा," वाढणारी पोरगी म्हणाली. "कप्तान म्हणत होते, आता दोन दिवस बोट वाळूत रुतायची भीती नाही."

"कप्तानाला सांग, मागच्या चाकाचा आस कुरकुरतोय, वंगण द्या. आणि माझ्या बायकोला जरा गरम पाव आण. नाहीतर ही तुमच्या भटारखान्यात शिरेल, मग बोट बुडाली तरी बाहेर यायची नाही."

मग त्याने टेबलाखालून ओपलचा हात धरला आणि तासभर तो बोलत राहिला, माणसांबद्दल, चाकांबद्दल, हवेबद्दल, मधेच डोळा मिचकावत, अगदी पूर्वीसारखा. ओपलने ती कोरडी कोंबडी पार हाडापर्यंत संपवली. बाहेर उन्हात आल्यावर त्याने गाडीच्या दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ते."

पुढच्या बुधवारी ती स्वतःच्या पैशाने त्याला पुन्हा घेऊन गेली. त्याच्या पुढच्या बुधवारीही.

त्या तिसऱ्या खेपेला पोरीने रिकाम्या तिसऱ्या खुर्चीपुढे दुधाचा लहानसा पेला आणून ठेवला. "आम्ही दोघंच आहोत," ओपल म्हणाली.

"टॅन्सी चाक बघायला गेलीय," हॉलिस म्हणाला. "येईल एवढ्यात."

"हो, कठड्याशी उभी आहे, मी आत्ताच बघितलं," पोरगी म्हणाली आणि पेल्याशेजारी घडी केलेला रुमाल ठेवून गेली.

पर्डींना मूलबाळ नव्हतं. व्हावं असं काही वर्षं वाटलं, मग वाटेनासं झालं, आणि त्याचं दोघांनीही कधी रडगाणं केलं नाही. टॅन्सी नावाची कुणी त्यांच्या ओळखीतही नव्हती. पण ओपलला राग आला नाही, उलट वाढणाऱ्या पोरीचं कौतुक वाटलं. म्हाताऱ्याने आधीच काहीतरी काढलं असणार आणि तिने ते वरच्या वर झेललं. नर्सने सांगितलेलं आणि या बोटीचा नियम, दोन्ही एकच तर होतं. ओपलही म्हणाली, "हात धुऊन यायला सांग म्हणजे झालं."

चौथ्या खेपेला वाढायला दुसरा माणूस होता, उंच, कल्लेवाला. त्याने दुधाचा पेला ठेवला आणि विचारलं, "दात पडला एकदाचा? गेल्या खेपेला नुसता लोंबत होता."

"तुला कुणी सांगितलं हे?" ओपल म्हणाली.

"तिनेच दाखवला, बाईसाहेब. जिभेने हलवून." मग त्याने दोघांपुढे स्ट्रॉबेरीचा केक ठेवला आणि तिसऱ्या जागी पीचचा. "टॅन्सीला स्ट्रॉबेरी चालत नाही ना, म्हणून हा वेगळा."

ओपल उठली ती थेट बाहेरच्या तिकीटखिडकीशी गेली. बुकिंगची पोरगी साध्या शर्टात बसून च्युइंगम चघळत होती. तिला काही सोंग नव्हतं. तिने पडद्यावर बघून सांगितलं, "पर्डी. दोन मोठे, एक लहान. खाली टीप आहे, लहान मुलीचं ताट स्ट्रॉबेरी वगळून."

"ही टीप कुणी लिहायला सांगितली?"

"तुम्हीच की मॅडम. फोनवर. अंगावर पुरळ येतं म्हणालात."

असं काही आपण म्हणालो नाही, हे सांगायला ओपलने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला ते पुरळ आठवलं. बारीकशी मान, कानामागे लाल चट्टे, कापसाने लावलेलं गुलाबी औषध, आणि स्वतःचाच आवाज, खाजवू नकोस म्हटलं ना. शाळेतलं असेल एखादं पोर, तिने मनाला समजावलं. सहाशे पोरं, तेहतीस वर्षं, त्यांत एवढं तरी असणारच. पण शाळेतल्या कुठल्या पोराची मान आपण पहाटे, आपल्याच पलंगावर, आपल्याच उशीवर निरखली असेल?

निघताना बुकिंगच्या पोरीने तिच्या हातात एक कागद दिला. वर्षभर दर बुधवारी हेच टेबल राखून ठेवायची सोय होती. हो की नाही ते पुढच्या बुधवारपर्यंत कळवायचं.

"एवढ्या पैशात आठवड्यातून दोनदा बाई घरी येईल," नेड्रा म्हणाली. ओपलच्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या होत्या, कागद मधे होता. "त्याला आंघोळ घालील, तुला दोन तास झोप मिळेल. आरशात बघ जरा. मेलेली माणसं तुझ्यापेक्षा बरी दिसतात, आणि मी चर्चमध्ये उघड्या शवपेट्यांत पुष्कळ बघितलीत."

"ती बाई त्याच्याशी बोलेल?"

"तोच बोलत नाही ना, ओपल."

"तिथे बोलतो. माझा हात धरतो. माझं नाव घेतो."

"आणि घरी? दर बुधवारनंतर इथे काय उरतं, ते बघतेस का तू?" नेड्राने कप खाली ठेवला. "काल मी त्याला चिडवायला म्हटलं, वेक्रॉसला तुमच्या लग्नात केक कुणी पाडला? एकेचाळीस वर्षं मला त्यावरून छळलं त्याने. काल म्हणतो, वेक्रॉस. मग म्हणतो, कुठे. आणि मग मला म्हणतो, टॅन्सी शाळेतून आली का. शब्द मोजून तीन-चार उरलेत त्याच्याकडे, त्यातला एक त्या पोरीवर."

हे ओपलला दिसत नव्हतं असं नाही. पहिल्या बुधवारनंतर त्याला न्हाणीघराचं दार सापडेना, दुसऱ्यानंतर घरच्या जुन्या, मेलेल्या कुत्र्याचं नाव गेलं, तिसऱ्यानंतर तिचा स्वतःचा तरुणपणचा फोटो त्याने भिंतीवरून काढून तिलाच विचारलं, की कोण. आगबोट एका हाताने देत होती ते भरभरून, पण दुसरा हात कुठे फिरतोय ते बघायची तिची तयारी नव्हती. आताही ती नेड्राला बरं वाटावं म्हणून हसली. मात्र तो केक कुठला, पाडला कुणी, हे आठवायला तिला क्षणभर थांबावं लागलं.

तेवढा क्षण पुरे झाला. ओपलने कागद उचलून चार तुकडे केले. "कोंबडी कोरडीच आहे," ती म्हणाली. "बुधवारी जाते, शेवटचं जेवते, नाही म्हणून सांगते. तू ती बाई बघ."

"शपथबिपथ घेऊ नकोस हं. मला तू माहीत आहेस."

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"तुझ्याच बहिणीची जीभ आहे."

बुधवारी ओपलने आत जाण्याआधीच खिडकीवर नाही म्हणून सांगून टाकलं, कारण आतून बाहेर येणाऱ्या स्वतःवरच तिचा भरवसा नव्हता. मग मात्र तिने तास दीड तास मनापासून सुख घेतलं. टॅन्सीने शीळ घालणं कसं शिकून घेतलं आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती कशी घातली, हे हॉलिसने साभिनय सांगितलं, आणि ओपल डोळ्यांत पाणी येईतो हसली. हसता हसता तिने दुधाचा पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवला, सवयीने सरकवावा तसा.

दार उघडलं आणि ऊन अंगावर आलं. एरवी हा उंबरठा ओलांडताना हॉलिसचं बोलणं गळून पडे. आज तो तिथेच थांबला. "टॅन्सी कुठाय?" तो म्हणाला, आणि त्याने दाराची चौकट धरली. मागून येणारी माणसं खोळंबली. तो पाऊल टाकेना. पायघोळ पोशाखातली ती पहिली पोरगी दारापर्यंत आली होती, उन्हात न येता आतूनच हात हलवत होती. तिची नजर दोघांच्या तोंडाकडे नव्हती, कमरेच्या उंचीवर होती.

खोडून काढू नका, हो म्हणा आणि पुढे चला.

"येतेय ती," ओपल म्हणाली. "चल, हॉलिस."

पार्किंगच्या मैदानापर्यंत ती अगदी सावकाश चालली; त्याच्या पायांसाठी, असं तिने मनाशी ठरवलं. गाडी आतून तव्यासारखी तापली होती. त्याला बसवून तिने त्याचा पट्टा लावला, पिशवी त्याच्या पायाशी ठेवली, स्वतः बसून आपला पट्टा लावला आणि इंजिन सुरू केलं. समोर लाल दिवा लागला आणि बारीक घंटी वाजायला लागली. तिने आपला पट्टा चाचपला, त्याचा चाचपला, दोन्ही बसलेले होते. मग तिने नीट बघितलं. दिवा मागच्या सीटचा होता, उजव्या बाजूचा. तिथे कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तरच लागणारा. मागे तिने काहीच ठेवलं नव्हतं. घंटी वाजत राहिली. ओपलने मागे वळून बघितलं नाही.

"ओपल," हॉलिस म्हणाला. भर उन्हात, आगबोटीच्या बाहेर, तिच्याकडे बघून, दोन वर्षांनी. "निघायचं ना आता घरी?"

तिने त्याचा हात हातात घेतला.

"पट्टा लाव गं," ती समोरच्या काचेतून बघत म्हणाली.

घंटी थांबली.