पलीकडची झडप

कालव्याच्या अठराव्या लॉकमध्ये, म्हणजे वरच्या आणि खालच्या दरवाजांमधल्या हौदात, होडी पाण्याबरोबर खाली उतरत असताना थेल्माला आठवलं, की सोळाव्या लॉकची पाणी सोडायची पलीकडची झडप आपण पाडून बंद केलीच नाही.

झडप वरखाली करायच्या सुट्या हँडलचे फेरे मोजायची तिला सवय होती. एका झडपेला चौदा. सकाळी झडपा पाडताना तिनं चौदाच मोजले होते, अठ्ठावीस नाही.

पलीकडची झडप उघडली होती अँब्रोजनं. त्या लॉकच्या वरच्या बाजूला, पलीकडच्या काठाला, ऐंशीचा हा म्हातारा होडीत एकटाच राहायचा. गुडघे सांभाळत मदतीला आला होता. ज्यानं झडप उघडली त्यानंच ती पाडायची, हा कालव्यावरचा रिवाज. पण थंडीनं त्याचे ओठ निळे पडलेले पाहून थेल्माच म्हणाली होती, "तुम्ही जा शेगडीपाशी. तुमची मी पाडते." मग तिनं अलीकडची पाडली. पलीकडे जायची दरवाजावरची फळी बर्फानं गुळगुळीत झाली होती. तेवढ्यात आपल्या होडीचा भोंगा वाजला आणि ती तशीच होडीत चढली.

"तोंड का उतरलंय गं?" सुकाणूवरून तिचा थोरला भाऊ नॉर्मन म्हणाला. "परवासारखं हँडल पाण्यात पाडलंस की काय?"

"नाही."

सोळाव्याचे वरचे दरवाजे मनगटाएवढ्या धारेनं गळत होते. खालच्या दरवाजाची ती पलीकडची झडप उघडी, म्हणजे ते पाणी थांबणार कुठं? दुपारपर्यंत अँब्रोजची होडी चिखलावर टेकणार. होडी पातळ बर्फ मोडत पुढे सरकत होती आणि थेल्मा पुन्हापुन्हा तोच हिशेब करत होती. उत्तर बदलत नव्हतं.

एकोणिसाव्या लॉकपाशी तिच्यानं हँडल फिरववेना.

"तू थांब इथं. मी मागं जाऊन येते. झडप राहिलीय."

नॉर्मननं होडी काठाला लावली. "बूट घट्ट बांध," एवढंच म्हणाला.

दीड मैल चालून ती पोचली तेव्हा अँब्रोजची होडी एका कुशीवर कलली होती. अँब्रोज काठावर उपड्या बादलीवर बसला होता. कललेल्या होडीत आग लागू नये म्हणून शेगडीतले निखारे त्यानं गवतावर ओतले होते. थेल्मा दोन्ही हातांनी कठडा धरून फळीवरून पलीकडे गेली.

"पाडली मी आत्ता," तो म्हणाला. "माझीच होती ती. तू पाडते म्हणालीस असं वाटत होतं खरं, पण हल्ली माझ्या वाटण्याचा भरवसा नाही. मुलगी मॅव्हिस वर्षभर म्हणतेय, बाबा, तुम्ही विसरता, होडी सोडा. आत्ताच फोन केला तिला. रविवारी येतेय न्यायला."

थेल्मा नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं.

"मी तसंच म्हणाले होते," ती म्हणाली. "अगदी तेच शब्द. फळीवर बर्फ होता म्हणून पाडली नाही. आणि अठराव्याला आठवलं, तरी पुढच्या लॉकपर्यंत गप्प बसले."

होडीत काहीतरी घरंगळलं आणि फुटलं.

"बशा," अँब्रोज म्हणाला. मग त्यानं कोटातून फोन काढला, बटण दाबलं आणि तिच्यापुढे धरला. "मला सांगून काय उपयोग? मॅव्हिसला सांग. बर्फाचंसुद्धा सांग."

थेल्मानं हातमोजा काढला. फोनवर पलीकडे घंटी वाजत होती.